इतिहासाचे पुस्तक निवडताना

मुलाला घरीच शिकवणारे पालक शिक्षकांना विचारतात, इतिहासासाठी कोणते पुस्तक घ्यावे? मला जवाहरलाल नेहरूंची पत्रे सुचवावीशी वाटतात. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला असताना त्यांनी ती लिहिली. १९२९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली.

त्यांची सुरुवात राजांपासून नाही, दगडधोंड्यांपासून आहे. लेखन नव्हते त्या काळाविषयी आपल्याला कसे कळते, हा पहिलाच प्रश्न. माधवनगरच्या मुलाच्या हाती कृष्णेच्या पात्रातला गोटा देऊन तो विचारता येईल: याच्या कडा कुठे गेल्या? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा दगड नदीने घासला आहे.

उणीवही सांगायला हवी. कातडीच्या रंगाचा उन्हाशी जोडलेला संबंध योग्य आहे. पण मानवजातीची ठळक वंशांत केलेली विभागणी आज टिकत नाही. माणसामाणसांतले बहुतेक जनुकीय फरक एकाच समूहात आढळतात.

म्हणून ते पत्र गाळू नये. मुलाबरोबर वाचावे आणि विचारावे, १९२८ नंतर नवे काय कळले? ‘हे कशावरून?’ असे विचारू देणारे पुस्तक जुने झाले तरी उपयोगी पडते.