‘सत्य घटनेवर आधारित’: पण घटना कोणती?

भाटघर धरणापासून जवळच्या एका शाळेत आम्ही विज्ञानगप्पांसाठी गेलो होतो. एप्रिल महिना होता आणि वेळवंडीचे पाणी बरेच खाली गेले होते. त्यामुळे विषय अर्थातच धरणाचा निघाला. सध्याचे धरण १९२८ साली पुरे झाले. त्याआधी गेल्याच्या गेल्या शतकात बांधलेले जुने धरण त्याच्याच पोटात बुडाले आहे, वगैरे आम्ही सांगत होतो. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, “धरण टिकावं म्हणून पायात माणूस गाडलाय, असं माझी आजी सांगते.” वर्ग हसला. ही कथा बहुतेक धरणांबद्दल आणि मोठ्या पुलांबद्दल ऐकू येते, असे आम्ही म्हणालो. त्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, “पण सर, भुताच्या पिक्चरच्या सुरुवातीला ‘सत्य घटनेवर आधारित’ असं लिहितात. ते सरकार तपासून बघतं ना?”

प्रश्न भाबडा वाटेल, पण तो तसा नाही. चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर परीनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र येते आणि त्याच्या मागोमाग ‘सत्य घटना’ येते. मुलांच्या मनात दोन्हीची गल्लत झाली तर नवल नाही. चित्रपट कोणी पाहावा, कोणी पाहू नये, एवढेच ते प्रमाणपत्र सांगते. कथा खरी आहे की नाही हे कोणीच तपासत नाही.

तेव्हा ते आपणच तपासू. २०२० साली आलेला ‘भूत : द हाँटेड शिप’ हा हिंदी चित्रपट घ्या. मुंबईत घडलेल्या खऱ्या घटनेवरून तो सुचला, अशी त्याची प्रसिद्धी झाली होती. घटना खरी आहे. जून २०११ मध्ये ‘एमव्ही विस्डम’ नावाचे जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतले आणि त्यावर एकही माणूस नव्हता. इथपर्यंत ऐकले की अंगावर काटा येतो. पुढची माहिती मात्र साधी आहे. हे जहाज मोडीत काढण्यासाठी कोलंबोहून गुजरातेतल्या अलंगला दुसऱ्या बोटीने ओढत नेले जात होते. वाटेत ओढण्याचा दोर तुटला. इंजिन बंद असलेले जहाज पावसाळी नैर्ऋत्य वाऱ्यात सापडले, तर ते किनाऱ्याकडे येणार नाही तर कुठे जाणार? त्याच पावसाळ्यात, ३१ जुलैला, ‘पवित’ नावाचे दुसरे जहाज जुहूलाच लागले. ते ओमानच्या बाजूला समुद्रात सोडून दिले होते आणि अख्खा अरबी समुद्र ओलांडून आले होते. आमच्या मते दोन्हींत हीच गोष्ट जास्त थरारक आहे. एवढे मोठे धूड मुंबईच्या दारात येईपर्यंत कोणाच्याही नजरेस पडू नये, हे भुतापेक्षा भयंकर! पण त्यावर कोणी चित्रपट काढला नाही.

चित्रपटाचा पूर्वार्ध चांगला आहे. अंधारी वाट, गंजलेले पत्रे, लांबून येणारा आवाज. दिग्दर्शकाला भीती कशी बांधायची हे कळते. नायक जहाज कंपनीतला अधिकारी आहे, म्हणजे हे जहाज कुठून आले हा प्रश्न विचारणे हे त्याचे कामच. तो विचारायला सुरुवातही करतो. पण थोड्याच वेळात एक प्राध्यापक येतात आणि तेही भुतांचेच निघतात! तिथून पुढे तपासाची जागा मंत्रांनी घेतली जाते. सत्य घटनेतून उचलले ते फक्त जहाज. त्या घटनेचे कारण, म्हणजे दोर, वारा आणि भरती, बाहेरच राहिले.

जहाजाच्या बाबतीत याने कोणाचे फार बिघडत नाही. खून झाला असेल तर मात्र बिघडते.

परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात खुनांची मालिका झाली. बळी गेलेल्यांत मजुरी करणाऱ्या बायका होत्या, दहा वर्षांच्या आतबाहेरच्या मुली होत्या आणि एक वर्षभराचे लेकरूही होते. वाड्यातल्या पिंपळाखाली गुप्तधन आहे, ते मिळण्यासाठी पिंपळावरच्या मुंजाला कुमारिकांचे रक्त हवे, या समजुतीतून हे खून झाले, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना तपासासाठी पाठवण्यात आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली निकाल लागला. कबुलीजबाब नोंदवताना कायद्याची पथ्ये पाळली नव्हती, म्हणून न्यायालयाने ते पुरावा म्हणून धरले नाहीत. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा मागितला. ज्यांच्यासाठी हे सारे घडवले गेले असा आरोप होता, ते दोघे अखेर सुटले. वाचताना चीड येते. पण लोक आरोपीकडे बोट दाखवतात एवढे पुरेसे नाही, पुरावा हवा, ही शिस्त विज्ञानातही याहून वेगळी नाही.

या प्रकरणावरून सुचलेला ‘आक्रीत’ हा अमोल पालेकरांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. तो १९८१ साली आला आणि त्याचे लेखन विजय तेंडुलकरांचे. त्यात मुंजा कुठेही दिसत नाही. दिसतात ती माणसे: हाव सुटलेली, धाकात ठेवणारी आणि धाकात राहणारी. प्रेक्षक मनातून भुताची वाट पाहतो, भूत येत नाही, आणि मग त्याला कळते की हे सगळे माणसांनीच केले आहे. त्यापुढे आम्हाला कुठलाही भयपट फिका वाटतो. २०२४ साली आशीष बेंडे यांनी ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका कुलकर्णींच्या आठवणींवरून केली. तीत पोलिसी तपास मध्यभागी आहे. तीही भुताच्या वाटेला गेली नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट खूप चालला. त्यात तर पिंपळावरचे भूतच नाचते. पण तो ही लोककथा आहे असे मोकळेपणाने सांगतो, हसवतो, आणि कोणाच्या खऱ्या मरणावर उभा राहत नाही. ‘तुंबाड’बद्दलही आमचे हेच मत आहे.

आता कल्पना करा, मानवतवर कोणी ‘सत्य घटनेवर आधारित’ भयपट काढला आणि त्यात मुंजा खरोखरच रक्त मागताना दाखवला. तारखा खऱ्या, गाव खरे, खून खरे. मग मारणाऱ्यांचा समजच पडद्यावर खरा ठरतो. धन होते, मुंजा होता, त्याला रक्त हवे होते. बिचारे मारणारे काय करणार! ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेत ॲमिटीव्हिल येथे नोव्हेंबर १९७४ मध्ये एका तरुणाने आईवडील आणि चार भावंडे गोळ्या घालून मारली. आपल्याला आवाज ऐकू येत होते, असा बचाव त्याने केला. ज्यूरीने तो फेटाळला. पुढे त्या घरात राहायला आलेले कुटुंब २८ दिवसांत घर सोडून गेले, त्यांच्या अनुभवांचे पुस्तक निघाले आणि १९७९ साली चित्रपट आला. ती कथा आम्ही दारूच्या बाटल्या रिचवत मिळून रचली, असे आरोपीच्या वकिलानेच नंतर सांगून टाकले. तोवर घर प्रसिद्ध झाले होते. मेलेल्या चार भावंडांची नावे आज किती प्रेक्षकांना सांगता येतील?

शनिवारवाड्याचेही तेच. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आजही ऐकू येते म्हणतात. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला हे खरे, पण रामशास्त्र्यांनी चौकशी करून थेट राघोबादादांना दोषी ठरवले हेही खरे. पहिले पोराटोरांना ठाऊक आहे. दुसरे इतिहासाच्या पेपरापुरते उरले आहे. आणि ज्या महालात ती हाक घुमते म्हणतात, तो १८२८ च्या आगीतच जळून गेला.

भाटघरच्या वर्गात हे सगळे सांगायला वेळ नव्हता. आम्ही फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: घटना कोणती, ती कोणी नोंदवली, आणि भूत वगळले तर काय उरते? मुलांनी पाहिलेल्या चित्रपटांची नावे भराभर सांगितली आणि एकेकाला या चाळणीतून काढले. शिक्षकांनी आपल्या वर्गात हे जरूर करून पाहावे, एक तास पुरत नाही.

निघताना ती नववीतली मुलगी त्या पहिल्या मुलाकडे वळली आणि म्हणाली, “धरणात गाडला तो माणूस कोण होता? नाव काय त्याचं?” तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “आजीला विचारून सांगतो.”