वेंधळ्याचा प्रथमपुरुष

वेंधळा, धांदरट, विसरभोळा, धरसोड्या, आरंभशूर. लक्ष न टिकणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. मात्र हे सारे शब्द दुसऱ्याने चिकटवायचे आहेत. प्रौढ वयात ‘एडीएचडी’चे निदान झालेल्या माणसापुढे औषधोपचाराइतकाच भाषेचाही प्रश्न असतो. लोकांनी दिलेली ही विशेषणे बाजूला ठेवून स्वतःविषयी बोलायचे कसे? आपल्या साहित्यात याच्या तीन रीती दिसतात.

पहिली उपदेशाची. समर्थांचे २०५ ‘मनाचे श्लोक’ मनाला सज्जन म्हणून हाक मारतात. हाक आर्जवी, पण पुढे येते ते काय करावे आणि काय टाकावे याचे शासन. चंचलपणा हा तेथे आवरायचा दोष आहे. आधुनिक वैद्यकाचीही सुरुवात फार निराळी नव्हती. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली, तेव्हा त्यानेही नैतिक नियंत्रणातील उणिवेचीच भाषा वापरली. प्रौढांसाठी निदानाचे निकष सैल करून सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली गेली, ती थेट २०१३च्या अमेरिकन नियमावलीत.

दुसरी रीत विनोदाची. चि. वि. जोशींचा चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो. येथे वेंधळ्याला प्रथमपुरुष मिळाला खरा, पण हसवण्याच्या अटीवर. दुसऱ्याने हसण्याआधी स्वतःच हसून घेतले की लाज झाकते. तिच्याबरोबर कारणही झाकले जाते. शिवाय विनोदी कथामालेची गरजच अशी, की नायकाने मागच्या फजितीतून काही शिकू नये. चिमणराव शहाणा झाला तर पुढची गोष्ट संपली. वाचकाला तो प्रिय आहे; त्याच्यासारखे जगणाऱ्याला मात्र तो वाट दाखवू शकत नाही.

तिसरी रीत बहिणाबाईंची. त्यांच्या मनावरच्या कवितेत हाकलले तरी पुन्हा पिकात शिरणारे जनावर आहे. हे शेतात राबणाऱ्या बाईचे निरीक्षण आहे. त्या मनाला विषारीही म्हणतात, पण आधी ते कसे वागते हे नीट पाहून. गुरे पिकात का शिरतात, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. म्हणून तो नुसता ओरडत नाही, कुंपण घालतो.

या कुंपणाचा अर्थ आमच्या भागात चटकन कळावा. २०२२ साली ज्या उदगीरने ९५वे साहित्य संमेलन भरवले, तेथून मुले बारावीसाठी लातूरला जातात. ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे ठरलेले वेळापत्रक, सराव परीक्षा, पुन्हा सराव. लक्ष बाहेरून बांधून ठेवलेले असते. अशा चौकटीत एखाद्याची अडचण वर्षानुवर्षे दिसतही नाही. पुढे नोकरी लागते, संसार सुरू होतो, घंटा वाजवणारे कोणी उरत नाही, आणि उत्तम गुण मिळवलेल्या माणसाकडून विजेचे बिल वेळेवर भरले जात नाही. घरचे म्हणतात, आळस. तोही तेच म्हणू लागतो. वास्तविक त्याचे लक्ष नाहीसे झालेले नसते. आवडीच्या कामात तो तासन्‌तास बुडून जातो. गेलेले असते ते कुंपण.

म्हणून येथे आत्मभान म्हणजे नुसती कबुली नव्हे. आपले लक्ष कोणत्या वेळी, कोणत्या कामावर, कोणाच्या सोबतीने टिकते हे टिपणे, आणि त्याप्रमाणे वही, गजर, शेजारी बसणारे माणूस अशी कुंपणे स्वतः घालणे. त्यातही समर्थांची शिस्त उपयोगी पडते. पण आधी बहिणाबाईंची नजर हवी.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. इतका मोठा वक्ता, पण तो दटावत नाही, विनवतो. लक्ष हुकमाने येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. स्वतःच्या मनाशी या सुरात बोलणारे प्रथमपुरुषी गद्य मराठीत अधिक लिहिले गेले पाहिजे. ते वाचून एखाद्याला ‘मी वेंधळा’ याच्या पुढचे वाक्य सापडू शकेल.