‘पिशवी काढून टाका’ : एका सल्ल्याची चिकित्सा

‘गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल. मुले झाली ना? मग पिशवी काढून टाका.’ २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची शासनाला चौकशी करावी लागली, तेव्हा असे सल्ले चर्चेत आले. आम्हांला या सल्ल्यातील तर्क कच्चा वाटतो.

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणारी साधी गाठ असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली अंदाज दिला, तो असा : या गाठींसाठी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३५० स्त्रियांत एकीला छुपा कर्करोग आढळतो. म्हणजे उरलेल्यांची भीती अनाठायी होती. शिवाय कित्येक गाठी त्रास देत नाहीत आणि पाळी गेल्यावर आक्रसतात.

त्रास असला तरी उपाय एकच नसतो. औषधे आहेत, फक्त गाठ काढता येते, तिच्या रक्तवाहिन्या बुजवता येतात. ही शेवटची पद्धत पॅरिसच्या राव्हिना यांनी १९९५ साली मांडली. मात्र या उपायांनंतर त्रास पुन्हा उद्भवू शकतो. गर्भाशय काढल्यावर तो प्रश्न उरत नाही. म्हणून काहींना तोच मार्ग योग्य ठरतो.

मग डॉक्टर कसा निवडावा? विचारावे : गाठ केवढी, कोठे? काहीच न केल्यास काय होईल? दुसरे उपाय कोणते? अंडाशय राखणार का? या प्रश्नांनी चिडणाऱ्यापेक्षा कागदावर चित्र काढून समजावणारा बरा. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाल्यास मात्र तपासणी लांबवू नये.

वर्गात आपण ‘कशावरून?’ विचारायला शिकवतो. दवाखान्यातही तेच विचारावे.