कोंकणी-मराठीचें नातें आणि सह्याद्रिखंडाची साक्ष

कोंकणी ही मराठीची पोटभाषा कीं तिची सख्खी बहीण, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. १९७५ सालीं साहित्य अकादमीनें कोंकणीस स्वतंत्र वाङ्मयीन भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ सालीं ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ सालीं राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत तिचा समावेश झाला. व्यवहारापुरता निकाल लागला. परंतु कायद्याचा निकाल म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे. उभय पक्षांची मंडळी आजही जुनींच साधनें पुढें करीत असतात व त्यांची छाननी मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखांत नवा निकाल देण्याचा आमचा हेतु नाहीं. हीं साधनें आपल्यावर टाकलेला भार कितपत सोसतात, एवढेंच पाहावयाचें आहे.

१. पुराणाची साक्ष

कोंकणीचें मूळ मराठीहून वेगळें, असें म्हणणारांपैकीं कांहीं जण सह्याद्रिखंडाचा आधार घेतात. परशुरामानें समुद्र हटवून भूमि मिळविली, श्राद्धयज्ञादि कर्मांसाठीं त्रिहोत्राहून दहा गोत्रांचे मुनि आणिले व त्यांस गोमांचलांत कुशस्थळी, मठग्राम, वरेण्य, लोटली इत्यादि ग्रामीं वसविलें. त्यांच्याबरोबर मांगीश, महालक्ष्मी, म्हाळसा, शांतादुर्गा, नागेश हीं दैवतेंही आलीं, असा कथाभाग आहे. त्रिहोत्र म्हणजे तिरहुत, म्हणजे मिथिला. सबब कोंकणी ही मिथिलेहून आलेली भाषा, असें अनुमान यावरून काढण्यांत येतें.

या साखळींतील प्रत्येक कडी हलवून पाहिली पाहिजे. पहिली कडी ग्रंथाची. हा खंड स्कंदपुराणांतील म्हणवितो. पण त्या पुराणाचा जो सप्तखंडात्मक पाठ छापून सर्वत्र प्रसृत झाला, त्यांत माहेश्वर, वैष्णव, ब्राह्म, काशी, अवंती, नागर व प्रभास हे खंड आहेत. सह्याद्रिखंड त्यांत नाहीं. पोथीच्या शेवटीं स्कंदपुराणाचें नांव आहे एवढ्यावरून तिचें वय ठरत नाहीं. स्थलमाहात्म्यें लिहिणाऱ्यांनीं हें नांव छत्रीसारखें वापरलें आहे व तिच्याखालीं कोणीही येऊन उभा राहिला आहे. डॉ. गेर्सन द कुन्य यांनीं १८७७ सालीं मुंबईस हा ग्रंथ प्रथम छापला, हे त्यांचे उपकार होत. परंतु त्या पुस्तकांत निरनिराळ्या काळचे व निरनिराळ्या हेतूंचे अध्याय एका बांधणींत आले आहेत. एका ज्ञातीचें मूळ उजळ करणारा अध्याय व दुसऱ्या ज्ञातीस चितेंतून वा अस्थींतून उत्पन्न करणारा अध्याय, या दोहोंच्या मागें एकच निःपक्षपाती हात असेल, असें कोणत्याही जाणत्या वाचकास वाटणार नाहीं. ज्या पोथीच्या पानांवर ज्ञातींची भांडणें लिहिलीं आहेत, ती पोथी भांडणाची साक्षीदार होय, उत्पत्तीची नव्हे.

दुसरी कडी त्रिहोत्र या नांवाची. मिथिलेचें शुद्ध संस्कृत नांव तीरभुक्ति. तीरभुक्तीचें प्राकृतांत तीरहुत्ति व पुढें लोकांच्या तोंडीं तिरहुत झालें. आतां त्रिहोत्र हें रूप तीरभुक्तीपासून सरळ निघत नाहीं. तें तिरहुत हा लोकांतील उच्चार ऐकून त्यास पुन्हां संस्कृताचा अंगरखा चढविल्यासारखें दिसतें. म्हणजे त्रिहोत्र हें तिरहुतच असेल, तर हा कथाभाग लिहिणारास तीरभुक्ति हें जुनें नांव ठाऊक नव्हतें व तो तिरहुत हा उच्चार रूढ झाल्यानंतरचा आहे. जें नांव प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून पुढें करितात, तेंच अर्वाचीनत्वाकडे बोट दाखवितें.

तिसरी कडी भाषेची, व ती सर्वांत कच्ची. आजच्या मैथिलींत नपुंसकलिंग नाहीं. कोंकणींत तें पूर्णपणें नांदत आहे. मैथिलीचा बकारयुक्त भविष्यकाळ कोंकणींत नाहीं. उभयतांत लकारयुक्त भूतकाळ आहे खरा, पण तो मराठींतही आहे. तेव्हां त्यावरून कोंकणी मराठीपासून दूर सरकत नाहीं. शंभर कुटुंबें दूरदेशाहून दैवतें घेऊन येतील व तिसऱ्या पिढींत शेजाऱ्यांची भाषा बोलूं लागतील. कुळाचें मूळ व भाषेचें मूळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एक मानले कीं घोटाळा झालाच.

२. शिलेची साक्ष

मराठीच्या अभिमान्यांचीही अशीच गत आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याशीं चावुंडराजानें मूर्ति करविली असें सांगणारी नागरी लिपींतील ओळ आहे; तीच हकीकत कानडी व तामिळ भाषांतही तेथें कोरली आहे. मूर्ति दहाव्या शतकाच्या अखेरची. दुसरी ओळ गंगराजाची, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभाची. आणि दोन्ही ओळी एकाच वेळीं कोरल्या असाव्या, असेंही मत मांडण्यांत आलें आहे. ही ओळ मराठीचा आद्य लेख म्हणून आमच्या पाठ्यपुस्तकांत आली. कोंकणीच्या अभिमान्यांनीं ती कोंकणीची म्हणून मागितली.

आम्ही त्या ओळींतील शब्द व्याकरणाच्या ताजव्यांत घालून पाहिले. ‘राजें’ ही एकारान्त सानुनासिक तृतीया. ‘करवियलें’ हें प्रयोजक धातूचें नपुंसकलिंगी भूतकाळवाचक रूप. हीं दोन्ही रूपें जुन्या मराठीस साजतात व जुन्या कोंकणीसही. जेथें दोन भाषा वेगळ्या होतात, तीं स्थळें म्हणजे प्रथमपुरुषी सर्वनाम आणि ‘घोडा’ व ‘घोडो’ अशा शब्दांचें पुल्लिंगी प्रथमेचें रूप. यांपैकीं एकही त्या ओळींत नाहीं. मग तिनें निवाडा कसा करावा? ‘केलें’ यांतील अनुनासिक कोंकणींत आज स्पष्ट ऐकूं येतो व पुणेरी मराठींत तो लोपला, हें सांगून कोणी ओळ आपल्या बाजूस ओढतात. पण जुनी ठेव दोघी बहिणींपैकीं एकीनें जपली व दुसरीनें गमावली, एवढाच त्याचा अर्थ. जपलेल्या ठेवीवरून नातें ठरत नाहीं. दोघींनीं मिळून जें नवें केलें, त्यावरून ठरतें.

आमच्या घरापासून फार दूर नसलेला, अलिबागेजवळील आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा, म्हणून वाचला गेला आहे. तो कोंकणच्याच भूमींत उभा आहे. पण कोंकणांत सांपडला म्हणून कोंकणी, हा न्याय लावला तर पुण्यांत सांपडलेला प्रत्येक फारसी कागद मराठी म्हणावा लागेल.

३. व्याकरणाची साक्ष

आतां जमेची बाजू पाहूं. षष्ठीचा चकारयुक्त प्रत्यय, मराठी ‘चा’ व कोंकणी ‘चो’, या दोघींचें वैशिष्ट्य आहे. गुजराथी, हिंदी वा मैथिली यांत तो नाहीं. ‘चाक’ व ‘चार’ यांतील चकाराच्या उच्चाराचा भेदही दोघींत आहे. हें नात्याचें बळकट प्रमाण होय. उलटपक्षीं कोंकणी ‘हांव’ हें ‘अहकम्’पासून ‘हउं’ होऊन आलें व मराठी ‘मी’ हें ‘मया’ या तृतीयेच्या रूपांतून आलें. ‘मी’पासून ‘हांव’ निघूं शकत नाहीं. म्हणून आजच्या मराठीचा अपभ्रंश म्हणजे कोंकणी, हें मत टिकत नाहीं. दोघी एका आईच्या, पण एक दुसरीची लेक नव्हे, डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या १९४२ सालच्या ग्रंथाचा रोंख असाच आहे व आम्हांस तो मान्य आहे.

कांहीं अभ्यासक ज्ञानेश्वरींतील ‘देवो’, ‘रावो’ यांसारखीं ओकारान्त रूपें दाखवून तींत कोंकणी शोधतात. ही चूक आहे. ‘देवो’ हें ‘देवः’ यापासून आलें; ‘घोडो’ हें ‘घोटकः’ या ककारान्वित शब्दापासून. कोंकणींत ‘घोडो’ म्हणतात, पण ‘देव’ म्हणतात, ‘देवो’ नव्हे. अंत्य स्वर सारखा दिसला म्हणून नियम एक होत नाहीं.

आणि मध्यें मालवणी उभी आहे. तेथें ‘माझो घोडो’ म्हणतात, पण ‘हांव’ न म्हणतां ‘मी’ म्हणतात. ती कोणाची? नकाशावर रेघ ओढणारास हा प्रश्न अडचणीचा वाटतो. भाषा बोलणारास वाटत नाहीं.

४. नांवाचा घोटाळा

या वादाचें निम्में पाप ‘कोंकणी’ या शब्दाकडे जातें. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडांत उत्तर कोंकणांतील आगरी, कोळी, भंडारी इत्यादिकांच्या बोली एका सदरांत आहेत व गोव्याची कोंकणी दुसऱ्या सदरांत. मात्र दोन्ही मराठीच्याच पोटीं घातल्या आहेत. पोर्तुगीज पाद्री त्याच गोव्याच्या भाषेस ‘कानारी’ म्हणत. फादर स्टीफन्स यानें तिचें व्याकरण लिहिलें, तें त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें छापलें गेलें. पण त्याचें ख्रिस्तपुराण, जें १६१६ सालीं छापलें, तें त्यानें मराठींत रचिलें. गोव्याच्याच केळोशीच्या कृष्णदास शामानें १५२६ सालीं आपलें कृष्णचरित्र मराठींत रचिलें. आणि त्याच शतकांतील रामायण-महाभारताच्या कथा कोंकणी गद्यांत, रोमन लिपींत उतरलेल्या, पोर्तुगालांतील ब्रागाच्या ग्रंथालयांत आहेत. घरांत एक भाषा व पोथींत दुसरी, ही त्या लोकांची रीत होती. पोथी मराठी म्हणून घर मराठी, असें ठरत नाहीं. घर कोंकणी म्हणून पोथी परकी, असेंही नाहीं.

स्थलनामांचीही तीच कथा. आम्ही बेलापुरास राहतों. खाडीपलीकडे साष्टी आहे, शिलाहारांच्या ताम्रपटांतील षट्षष्टि. गोव्यांतही सासष्टी आहे. दोन्ही नांवें सहासष्ट गांवांवरून आलीं. एवढ्यावरून एका साष्टीचे लोक दुसऱ्या साष्टीस गेले, असें कोणी म्हणेल तर आश्चर्य वाटूं नये. पण मोजणीचा आंकडा वंशावळ होत नाहीं.

५. परदेशचें एक उदाहरण

पश्चिम आफ्रिकेंत नायजेरियांतील योरुबा व एडो या लोकांत असाच वाद आहे. बेनीनच्या राजघराण्याचा मूळपुरुष योरुबांच्या इफे नगरींतून आलेल्या ओरान्मियानचा पुत्र, ही परंपरा १९३४ सालीं एगारेव्बा यानें बेनीनच्या इतिहासांत नमूद केली. उलट बेनीनकडे अशीही परंपरा सांगतात कीं, इफेचा आदिपुरुष ओडुडुवा हाच बेनीनचा निर्वासित राजपुत्र एकालादेऱ्हान. २००४ सालीं बेनीनच्या राजानें तिचा पुरस्कार केला व मोठें वादळ उठलें. दोन्ही पक्षांनीं राजवंशावरून लोकांचें मूळ ठरविलें. पण एडो व योरुबा या भाषा एका दूरच्या कुळांतील दोन वेगळ्या शाखांच्या आहेत. राजा इफेहून आला असो वा नसो, बेनीनची भाषा एडोच राहिली. आमच्या त्रिहोत्रवाद्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

६. आमची कबुली

दुसऱ्यांचे दोष दाखविणारानें स्वतःचा सांगावा. आम्ही शाळेंत पस्तीस वर्षें संस्कृत व मराठी शिकविली. कोंकणी ही मराठीची बोली, असें फळ्यावर लिहून देत असूं व परीक्षेंत तसेंच उत्तर ग्राह्य धरीत असूं. एका वर्षीं मंगळुराकडील कुटुंबांतील एका मुलीनें उत्तरपत्रिकेंत लिहिलें, “ती आमची भाषा आहे.” आम्हीं तो गुण कापला. तिनें तक्रार केली नाहीं. पुढें वर्गांत ती आपल्या भाषेचा शब्दही बोलेना. ज्या प्रश्नावर १९६७ च्या जनमत कौलांत गोव्याच्या लोकांस आपलें भवितव्य ठरवावें लागलें, तो आम्हीं लाल शाईनें एका रेघेंत मिटविला होता. आज तो गुण परत द्यावयाचा तर कोणत्या कागदावर द्यावा?

दुसरेंही सांगावयाचें आहे. १९७० सालीं सिडको स्थापन होऊन नव्या शहराची आंखणी झाली, तेव्हां ठाण्याच्या खाडीकांठचे आगरी-कोळ्यांचे गांव त्या शहराच्या पोटांत आले. तेथील वृद्ध आजही ‘गाडी’स ‘गारी’ म्हणतात, ‘विहिरी’स ‘इहीर’ म्हणतात, ‘मला’ऐवजीं ‘मना’ म्हणतात. त्यांच्या नातवंडांस हें शाळेंत अशुद्ध म्हणून शिकविलें जातें. पोटभाषा कीं भाषा, हा वाद विद्वान करीत राहतील. तोंवर बोलणारेच उरले नाहींत तर निकाल कोणास ऐकवावयाचा?

संग्राहक वाचकांस आमची विनंति इतकीच. सह्याद्रिखंडाची पोथी आपल्या संग्रहीं असेल तर तिचा लेखनशक, लेखकाचें नांव, अध्यायांचा क्रम व कोणते अध्याय तींत नाहींत, याची टिपणी मंडळाकडे पाठवावी. नसलेले अध्याय असलेल्यांहून अधिक बोलके असतात. तसेंच गोवें, मालवण व ठाणें भागांतील घरगुती पत्रें, जमाखर्च, देवस्थानचे कागद हे श्लोकबद्ध पोथ्यांइतकेच जपावे. पुराणकारानें काय लिहावयाचें तें ठरवून लिहिलें. वाण्याच्या वहींत मात्र भाषा बेसावध सांपडते, आणि बेसावध साक्षीदारच खरें बोलतो.