पावसातले जुने गोवे

एखाद्या वास्तूविषयी अभिप्राय द्यावयाचा, तर ती किमान दोन ऋतूंत पाहिलेली असावी. आपल्या धर्मग्रामांतून गोव्याला जाणाऱ्या यात्रा बहुधा ३ डिसेंबरच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाच्या सुमारास निघतात. नोव्हेनाची गर्दी, मेणबत्त्यांची दुकाने आणि कोरडे स्वच्छ ऊन यांच्या संगतीत बॉम जेझू बॅसिलिकेचा तांबडा दर्शनी भाग डोळ्यांत भरतो आणि ‘केवढे हे पुरातन सौंदर्य!’ असे उद्गार सहज निघतात. आम्हीही तो पूर्वी याच दिवसांत पाहिला होता. गेल्या जुलैत मात्र शनिवार-रविवार साधून कोकण रेल्वेने करमळीला उतरलो आणि भर पावसात जुने गोवे पुन्हा पाहिले. त्या वेळी या रूढ उद्गाराची फेरतपासणी व्हावयास हवी असे वाटले.

मुळात ही वास्तू तांबडी नव्हतीच. १५९४ साली तिचे बांधकाम सुरू झाले व १६०५ साली ती प्रभूला अर्पण करण्यात आली. भिंती जांभ्याच्या. हा आपल्या कोकणाचाच दगड. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कठीण होणारा, पण अंगभर छिद्रे असलेला. बारीक नक्षी त्याला पेलत नाही, म्हणून कोरीव कामासाठी काळा बेसाल्ट वापरला गेला. तो वसईहून नेल्याचे सांगतात. जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता आणि त्या आवरणाखाली त्यांनी सुमारे साडेतीनशे पावसाळे काढले. विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज राजवटीतील जीर्णोद्धाराच्या वेळी, तो गिलावा खरवडून काढण्यात आला. उघडा दगड म्हणजे अस्सल आणि पुरातन, अशी त्या काळची अभिरुची होती. म्हणजे ज्या रूपाला आपण चारशे वर्षांचे समजून हात जोडतो, ते फार तर आपल्या आजोबांच्या वयाचे आहे.

डिसेंबरात ही गोष्ट ध्यानात येत नाही. जुलैत भिंतच ती सांगते. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी चार महिन्यांत. ओला जांभा काळवंडतो, सांध्यांत शेवाळ धरते. उन्हात जो रंग भारदस्त वाटला होता, तोच येथे सोलून काढलेल्या त्वचेसारखा दिसतो.

रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल उभे आहे. त्याची उभारणी १५६२ साली सुरू झाली. पाऊस तोच, पण भिंती चुन्याने पांढऱ्या. डाग तेथेही पडतात. मात्र ते गिलाव्यावर पडतात आणि गिलावा पुन्हा करता येतो. जांभ्याची झीज भरून येत नाही. थोडे चढून गेले की संत ऑगस्टीन यांच्या मठाचे अवशेष लागतात. १८३५ साली धर्मसंघांना गोवा सोडावा लागला, १८४२ साली चर्चची कमान कोसळली आणि १९३१ साली दर्शनी भाग पडला. आता एका मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उरला आहे. निगा थांबली की पाऊस काय करतो, याचे उत्तर शोधावयास आणखी दूर जाण्याचे कारण नाही.

याला एक आक्षेप संभवतो. आपल्या तीन पिढ्यांची भक्ती त्या तांबड्या रूपाशीच जडली आहे. घराघरांतल्या तसबिरी व दिनदर्शिका त्याच रंगाच्या आहेत. आक्षेप मोलाचा आहे. परंतु भाविक तेथे जातात ते संतांच्या पवित्र अवशेषांसाठी, भिंतीच्या रंगासाठी नव्हे. आणि ते अवशेष ज्या छपराखाली आहेत, त्याचा भार याच भिंतींवर आहे. २०२० साली बॅसिलिकेच्या रेक्टरांनीही गिलावा पुन्हा करावा अशी जाहीर मागणी केली होती. तो गिलावा मात्र चुन्याचाच असावयास हवा. सिमेंट आतली ओल कोंडून ठेवते, चुना तिला बाहेर पडू देतो.

आपल्या वाडवडिलांना हे शहाणपण शिकवावे लागत नसे. मृगापूर्वी ते घराच्या भिंतींना झावळ्यांची झड बांधीत, आणि झडीने घराची शोभा गेली असे कोणी म्हणत नसे. चर्चचा गिलावा ही त्याच जातीची वस्तू होय. सौंदर्य आणि निगा यांची फारकत करणारी अभिरुची आमच्या मते उसनी आहे. आपल्या पावसाच्या प्रदेशात ती टिकणारी नाही.

पवित्र अवशेषांचे मागील प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. दर दहा वर्षांच्या परिपाठाप्रमाणे पुढचे होईल, तोवर त्या उघड्या भिंतींवरून दहा पावसाळे जातील. यात्रेच्या बसगाड्या ठरविणाऱ्या आमच्या धर्मग्रामांनी त्यांपैकी एखादी तरी जुलैत न्यावी. गर्दी नसते, प्रार्थनेला निवांतपणा मिळतो, आणि भिंत कोरडी असताना जे सांगत नाही ते ऐकू येते.