याकूब आणि काळी सळई

जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये पहिल्याच दिवशी एक काका म्हणाले, "लाल सळईला कुणीबी भितं. काळी पडलेली सळई थंड समजू नको, पोरा." त्यांच्या तळहातावर भाजल्याचा जुना डाग होता.

त्यानंतर नारायण सुर्वे यांची 'माझे विद्यापीठ' मला वेगळी दिसली. १९६६च्या त्याच नावाच्या संग्रहातली ही कविता. तिच्यातला याकूब नालबंदवाला पोराच्या प्रश्नावर हसतो, हातातलं काम सोडत नाही आणि पुढे दंगलीत मरतो. आपण थोरांची वाक्यं स्टेटसला ठेवतो, माणूस वगळतो. सुर्वे मात्र शिकवणाऱ्याचं काय झालं, तेही सांगतात. म्हणून या कवितेचा सुविचार होत नाही.

काकांचा तो डाग कसा पडला, हे मी अजून विचारलेलं नाही.