खोलीबाहेरचा सल्लार्थी : क्विअर-स्वीकारशील समुपदेशन प्रशिक्षणाची चिकित्सा (कर्जत-खालापूरच्या संदर्भात)

क्विअर व पारलिंगी व्यक्तींना मानसिक आधार देणाऱ्या व्यावसायिकांचे प्रशिक्षण हा विचार आपल्याकडे महानगरात आकाराला आला. २०१३ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘सक्षम’ प्रकल्पाने के. रानडे व श्रुती चक्रवर्ती यांची प्रशिक्षणपुस्तिका प्रसिद्ध केली. २०१९ मध्ये मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने याच विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि २०२२ मध्ये त्याचा संदर्भग्रंथ मूळ इंग्रजीत आला. अंतर्गत रायगडातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत उभे राहून पाहिले असता या विचाराचे बळ व उणीव कोठे दिसते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

बळ आधी नोंदविले पाहिजे. पश्चिम भारतातील डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ समलिंगी पुरुषांना ‘बदलण्याचे’ उपचार कसे देतात, याचा अभ्यास रानडे यांनी २००९ मध्येच मांडला होता. अमेरिकन मनोविकार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ साली वगळली होती, हे येथे लक्षात घ्यावे. अशा पार्श्वभूमीवर उपरोक्त अभ्यासक्रम केवळ ‘आम्हाला तुमच्याबद्दल आकस नाही’ एवढ्या सौजन्यावर थांबत नाही. सल्लार्थीचे दुःख त्याच्या स्वभावात नसून त्याला नाकारणाऱ्या कुटुंबरचनेत, विवाहसंस्थेत व कायद्यात आहे. समुपदेशकाने प्रथम स्वतःची भिन्नलिंगी गृहीतके तपासावीत, अशी त्याची भूमिका आहे. ती योग्यच होय. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये रूपांतर-उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. पण त्याच आयोगाच्या ऑगस्ट २०२४ च्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधील समलैंगिकता ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्हा’ म्हणून परतली आणि निषेधानंतर सप्टेंबरमध्ये तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. प्रशिक्षणाची गरज संपलेली नाही, याला याहून वेगळा पुरावा नको.

उणीव आहे ती गृहीत धरलेल्या प्रसंगात. बंद दाराची खोली, ठरलेली वेळ आणि स्वतःविषयी काही एक शब्द घेऊन आलेला सल्लार्थी, असा हा प्रसंग आहे. कर्जत स्थानकावर मुंबईची लोकल मिळते, खोपोलीचा फाटा येथूनच फुटतो. त्यामुळे हा भाग शहराच्या कक्षेत आहे असे वाटते. परंतु जिल्हा रुग्णालय अलिबागला, खोपोली-पेण ओलांडून. आणि प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्याला. वाडीवस्तीवरील ठाकर वा कातकरी तरुणाला दोन्हीकडे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, शिवाय ‘कशाला गेला होतास’ याचे उत्तर घरी द्यावे लागते. साहजिकच त्याचे पहिले ऐकणारे माणूस समुपदेशक नसते. ते आशाताई असते, आश्रमशाळेचे अधीक्षक असतात, महाविद्यालयातील एखादे प्राध्यापक असतात. त्या ऐकणाऱ्याजवळ शब्द कोणते? ‘समलिंगी’ हा शब्द वर्तमानपत्री, ‘पारलिंगी’ नवा, ‘तृतीयपंथी’ शासकीय. आणि बोलीत जे शब्द आहेत त्यांतले बरेचसे शिवीच्या अंगाने जाणारे. ‘क्विअर’ या शब्दाने इंग्रजीत शिवीचे निशाण केले. मराठीत तो शिवीही नव्हता आणि निशाणही नाही. भाषांतराने हा प्रश्न सुटेल असे वाटत नाही, कारण येथे ऐकणाऱ्याला अनेकदा नाव नसलेलेच ऐकायचे असते.

मराठी साहित्यात असा ऐकणारा एकदा सविस्तर येऊन गेला आहे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. मित्रा आपले मन सांगते ते डॉक्टरला नव्हे, बापू या सहाध्यायाला. बापू दुष्ट नाही. तो ऐकतो, तिची बाजू घेतो, नमाशी भेटण्यासाठी खोलीही मोकळी करून देतो. तरीही मित्राचा शेवट आत्महत्येत होतो. हा शेवट ‘अशा स्वभावाचे असेच होणार’ म्हणून वाचला जाण्याचा धोका आहे, आणि त्या वाचनाला नाटक पुरेसा अटकाव करीत नाही, हा त्यातील दोष मानावा लागेल. मात्र प्रशिक्षणाच्या दृष्टीने बापूच अधिक अभ्यासनीय ठरतो. चांगुलपणा आहे, पण आपण कोठे थांबावे, कोणाची मदत घ्यावी, आत्महत्येची खूण कशी ओळखावी, हे त्याला कोणी शिकविलेले नाही. शिवाय तेंडुलकरांनी मित्राला हट्टी, हुकमी, प्रसंगी अप्रिय ठेवले आहे. सहानुभूतीसाठी सल्लार्थी गुणी असावा लागतो, ही आपली न बोललेली अट त्यामुळे उघडी पडते.

गावातील माणसालाच ऐकण्याचे शिक्षण देणे अशक्य नाही. पुण्याच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राच्या ‘आत्मीयता’ उपक्रमाने नाशिक जिल्ह्यात ग्रामस्थांमधूनच स्वयंसेवक घडविले होते. मात्र तेथील बळ, म्हणजे ओळख, येथे अडचण ठरते. ज्या मिनीडोरमधून मुलगा येतो त्याच मिनीडोरमध्ये त्याच्या मामांशेजारी ऐकणारे बसलेले असते. म्हणून गोपनीयतेचा धडा येथे ‘माहिती उघड करू नये’ या एका वाक्यात संपणारा नाही. चेहऱ्यावर काय दिसू द्यावे इथपर्यंत तो जातो. महाविद्यालयांच्या समुपदेशन कक्षांनी यापासून सुरुवात करावी. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, तिचा क्रमांक कक्षाच्या भिंतीवर लावता येतो. पण एकाच खोलीच्या घरात, सगळे असताना, तो फोन कोठून करावा हे विद्यार्थ्याबरोबर बसून ठरवावे लागते, आणि कक्षाचे दार त्या वेळेपुरते त्याच्यासाठी उघडे ठेवावे लागते.